चिपाडातला जिवाणू

कोल्हापूरच्या आसपासच्या गुऱ्हाळघरांत उसाचा रस काढून झाला की चिपाडे अंगणात वाळत घालतात आणि वाळल्यावर ती चुलवाणात जळणासाठी जातात. ढिगाच्या तळाशी ओल धरून राहिलेला थर मात्र काळपट पडतो आणि बोटांत सहज चुरगळतो, कारण तिथे सेल्युलोज व झायलन या वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतील घटकांच्या लांब साखळ्या तोडून त्यांतील शर्करेवर जगणारे जिवाणू वाढलेले असतात.

यांतला एखादा जिवाणू नव्या प्रजातीचा आहे का, हे ठरवण्यासाठी हा चुरा निर्जंतुक पाण्यात कालवून, ते पाणी टप्प्याटप्प्याने विरळ करून, कार्बॉक्सिमिथाईल सेल्युलोज (सेल्युलोजचे पाण्यात विरघळणारे रूप) मिसळलेल्या आगारच्या, म्हणजे जेलीसारख्या घट्ट माध्यमाच्या, बशीत पसरतात. जिवाणूंच्या वसाहती, म्हणजे डोळ्यांना दिसणारे ठिपके, वाढल्या की त्यांची प्रत दुसऱ्या बशीत राखून ठेवतात, कारण पुढच्या चाचणीत मूळ वसाहती वाया जातात. मग बशीत काँगो रेड हा रंग ओततात आणि मिठाच्या पाण्याने धुतात. अखंड सेल्युलोज लाल रंग धरून ठेवते; जिथे जिवाणूंच्या विकरांनी (एन्झाइमांनी) ते तोडले असेल, तिथे वसाहतीभोवती फिकट वलय उमटते.

हे वलय कितीही सुरेख असले, तरी त्यावरून जिवाणूची प्रजाती ठरत नाही. सेल्युलोज तोडणाऱ्या विकरांची जनुके दूरच्या कुळातील जिवाणूंकडेही जाऊ शकतात. त्यामुळे जिवाणू काय पचवतो आणि तो कोणाचा नातलग आहे, हे दोन प्रश्न वेगळेच ठेवावे लागतात.

नात्याचा पहिला अंदाज सर्व जिवाणूंत असणाऱ्या १६एस आरआरएनए या सुमारे १५०० बेसांच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) जनुकावरून येतो. ज्ञात प्रजातींशी साम्य ९८.७ टक्क्यांहून कमी भरले, तर प्रजाती नवी असण्याची शक्यता बळावते. मात्र साम्य त्याहून जास्त असले म्हणून ती जुनीच, असे म्हणता येत नाही. म्हणून संपूर्ण जीनोम (पेशीतील सगळा डीएनए) वाचून जवळच्या नातलगांच्या प्रमाण वाणांशी, म्हणजे त्या प्रजातींचा अधिकृत नमुना म्हणून जपलेल्या वाणांशी, ताडून पाहतात. न्यूक्लिओटाइडांचे, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचे, सरासरी साम्य ९५ ते ९६ टक्क्यांच्या खाली आणि डिजिटल डीएनए संकरणाचे (दोन जीनोम किती जुळतील याच्या संगणकी अंदाजाचे) मूल्य ७० टक्क्यांच्या खाली असेल, तरच वेगळेपणाचा दावा टिकतो. पेशीतील मेदाम्ले (फॅटी ॲसिड), क्विनोन (श्वसनात इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू) आणि वाढीला मानवणारे तापमान यांची तपासणीही शक्यतो त्या नातलगांना शेजारी वाढवूनच करावी, कारण माध्यम बदलले की मेदाम्लांचे प्रमाणही बदलते.

एवढे झाल्यावर लॅटिन धाटणीचे नाव व सविस्तर वर्णन प्रसिद्ध करतात. त्याआधी प्रमाण वाण दोन वेगवेगळ्या देशांतील संग्रहांत जमा करावा लागतो, म्हणजे उद्या कोणालाही तो मागवून हा दावा स्वतः तपासता येतो.