बोर्डावरून काय काढायचं?

नमस्कार मंडळी.

आजच्या विषयाला संयोजकांनी जरा भारदस्त नाव दिलंय, ‘डिजिटल मूड बोर्ड’. म्हणजे घर कसं हवं ते ठरवण्यासाठी फोटो, रंग आणि सॅम्पलं स्क्रीनवर एकत्र मांडायची जागा. पण तुमच्यापैकी ज्यांनी घराचं काम काढलंय किंवा काढायचं मनात आहे, त्या सगळ्यांकडे तो आधीच आहे. फोनमधले स्क्रीनशॉट, पिंटरेस्टवर जपून ठेवलेले फोटो, नणंदेने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं कुणाचं तरी स्वयंपाकघर. जमवाजमव झालेली असते. अडतं पुढे. सुतार येऊन विचारतो, ‘मॅडम, सनमायका कुठला?’ आणि आपण त्याच्यासमोर फोटोंचा ढीग ओततो.

फोटो शोधून जपायचं पिंटरेस्ट आलं २०१० मध्ये, ते मांडायचं कॅनव्हा २०१३ मध्ये. त्याआधी आम्ही घरसजावटवाले मासिकांची कात्रणं, पडद्याच्या कापडाचे तुकडे, सनमायकाची सॅम्पलं असं सगळं जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचो. हाताला फेव्हिकॉल, टेबलावर कचरा. मला त्या दिवसांचं फार कौतुक नाही. पण पुठ्ठ्याचा एक गुण होता, त्यावरची जागा संपायची. नवं काही लावायचं तर जुनं उपटावं लागायचं आणि उपटताना आपोआप विचार व्हायचा. स्क्रीनवर जागा संपतच नाही. वर पिंटरेस्टची खोड अशी, की तुम्ही एक वेताची जाळी असलेली खुर्ची जपून ठेवलीत की ते तशाच आणखी शंभर तुमच्या अंगावर सोडतं. दोन दिवसांत तुम्हाला वाटायला लागतं, सगळं जग वेताच्या जाळीवरच बसलंय.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की बोर्ड भरणं हे अर्धंच काम आहे आणि तेही सोपं अर्धं. अवघड अर्धं म्हणजे त्यावरून काढणं.

हे म्हणणारी मी काही पहिली नाही. ल कोर्बुझिए, चंदीगडचा आराखडा करणारे तेच, त्यांनी १९३१ साली साल्युब्रा नावाच्या स्विस कंपनीसाठी भिंतीवर लावायच्या कागदाचे ४३ रंग निवडून दिले. हे रंग तक्त्यांवर पट्ट्यापट्ट्यांनी मांडलेले होते. खरी गंमत तक्त्यासोबत दिलेल्या पुठ्ठ्यात होती. त्याला खाचा पाडलेल्या असत. तो तक्त्यावर ठेवला की बाकीचे रंग झाकले जात आणि मोजकेच उघडे राहत. म्हणजे ग्राहकाला रंग दाखवण्याइतकीच रंग झाकण्याचीही सोय करून दिली होती. आपल्या अ‍ॅपांमध्ये सगळं आहे, तो खाचांचा पुठ्ठा तेवढा नाही. तो आपणच ठेवायचा.

कसा ठेवायचा? प्रत्येक फोटोखाली एक ओळ लिहायची, यातलं मला नेमकं काय हवंय. ‘छान आहे’ चालणार नाही. ओळ सुचली नाही तर फोटो बाद.

ठाण्याच्या एका जोडप्याने मला हिरव्या कॅबिनेटांचं एक स्वयंपाकघर दाखवलं. दोघांनाही तो फोटो अगदी सोडवेना. मी विचारलं, ‘यातलं काय हवंय?’ नवरा म्हणाला, ‘हिरवा रंग.’ बायको थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘नाही हो. ती फोटोतली बाई भांडी घासताना बाहेर बघतेय ना, ते.’ फोटोत सिंकच्या वर मोठी खिडकी होती. यांच्या घरी सिंक आंधळ्या भिंतीला. हिरवा सनमायका कितीही महागातला लावला असता तरी त्यांना जे हवं होतं ते मिळालं नसतं. सुदैवाने ड्रेनेजची लाइन शेजारच्या ड्राय बाल्कनीत होती, त्यामुळे सिंक खिडकीखाली सरकवता आलं. कॅबिनेटं शेवटी मोतिया रंगाची झाली, आणि हिरव्याची आठवणही कुणाला राहिली नाही.

आता रंगाकडे येते, कारण सगळ्यात जास्त भांडणं तिथे होतात. स्क्रीनवरचा रंग म्हणजे तुमच्या भिंतीचा रंग नव्हे. फोनमध्ये रात्रीचा पिवळसर मोड चालू असला तरी पांढऱ्याचा क्रीम होतो. शिवाय ते देखणे, शांत, राखाडी-पांढरे दिवाणखाने बरेचदा उत्तर युरोपातले असतात. कोपनहेगन जवळजवळ ५६ अक्षांशावर आहे, आपलं पुणं साडेअठरावर. तिथे सूर्य कलता, उजेड मऊ आणि थंड. इथे एप्रिलमध्ये दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून जे आत येतं, ते तुम्हाला माहीत आहे. त्या उजेडात तोच पांढरा डोळ्यांत खुपतो.

म्हणून बोर्डावर नेटवरच्या फोटोशेजारी प्रत्यक्ष सॅम्पलचा फोटो हवाच. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून किंवा मुंबईत लोहार चाळीतून सॅम्पल आणलंत, तर दुकानातल्या ट्यूबखाली फोटो काढून मोकळे होऊ नका. ते घरी न्या, ज्या भिंतीवर लागणार त्या भिंतीशी उभं धरा. शेजारी साधा पांढरा कागद ठेवा, फ्लॅश बंद. एक फोटो दिवसा, एक रात्री तुमचे दिवे लावून. कागद एवढ्यासाठी, की फोटोत तोच निळा किंवा पिवळा दिसत असेल तर सनमायकाचा रंगही तेवढाच खोटा आहे हे कळतं. आणि दिव्याच्या खोक्यावरचा आकडा वाचा. ३००० केल्विन म्हणजे पिवळसर उबदार, ६५०० म्हणजे दवाखान्यातला पांढरा. दोन सॅम्पलं एका दिव्याखाली जुळी वाटतात आणि दुसऱ्याखाली त्यांचं बिनसतं, हे नेहमीचं आहे. त्यामुळे दिवा हेही मटेरियलच समजा आणि बोर्डावर त्याला जागा द्या.

दुसरी फसगत आकाराची. बोर्डावर सगळे फोटो सारख्या चौकोनात बसतात. पितळी मूठ आणि अख्खी फरशी एकाच मापाची! मग ती मूठ बोर्डावर भाव खाऊन जाते आणि तिच्यासाठी आपण बाकीचं सगळं सोनेरी करत सुटतो. खोलीत सगळ्यात जास्त दिसते ती जमीन आणि भिंत. म्हणून बोर्डावरही फरशीचा तुकडा सगळ्यात मोठा, भिंतीचा त्याच्या बरोबरीचा, मग पडदे-सोफा, आणि मूठ नखाएवढी. कॅनव्हात हे ओढून लहान-मोठं करायला काही लागत नाही. तेच सनमायकाचं. हातातलं सॅम्पल तळहाताएवढं, शीट आठ बाय चार फुटांची. सॅम्पलवर जी रेघ नाजूक वाटते, ती पूर्ण कपाटावर झेब्रा होऊ शकते. अख्ख्या शीटचा फोटो मागा, दुकानदार देतो.

आणि ज्या गोष्टी फोटोत कधीच नसतात, त्यांचं काय? पिंटरेस्टवरच्या घरात कुणी चपला काढत नाही. तिथे गॅसचा सिलिंडर नसतो, पाण्याचा फिल्टर नसतो, देवघर नसतं, केरसुणी तर नाहीच. हल्ली यंत्राने बनवलेली चित्रंही त्या गर्दीत मिसळलेली असतात. त्यांत नळ असतो पण सिंक नसतं, ड्रॉवर असा की उघडला तर शेजारच्या दारावर आपटेल. आवडलेल्या चित्रात एकदा स्विचबोर्ड शोधून बघा, बरंचसं कळतं.

यासाठी मी बोर्डाच्या तळाला एक पट्टी ठेवते. तिचं नाव ‘दिसत नाही, पण लागतं’. त्यात सिलिंडरची जागा, मिक्सरचा पॉइंट, झाडू कुठे, चपला कुठे. त्यातच प्लाय, बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनल. सिंकखाली आयएस ७१० लिहिलेला, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय हवा, बेडरूमच्या कपाटाला आयएस ३०३, म्हणजे साध्या वापराचा चालतो, हे तिथेच लिहून टाकायचं. बजेटचा मोठा वाटा या पट्टीत जातो आणि तिचा एकही फोटो कुणी कौतुकाने पाठवत नाही.

अ‍ॅप कुठलं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. खरं सांगू? फारसा फरक पडत नाही. शोधायला पिंटरेस्ट, मांडायला कॅनव्हा किंवा मिलानोट, आणि घरात कुणाला यातलं काही येत नसेल तर गुगल स्लाइड्स, एका खोलीला एक स्लाइड. महत्त्वाचं हे, की शोधायची जागा आणि ठरवायची जागा वेगळी असावी. पिंटरेस्टवर हवा तेवढा पसारा करा. ठरवलेल्या बोर्डावर मात्र प्रत्येक वस्तूला कंपनी, नंबर, दुकान, भाव आणि माल किती दिवसांत येतो हे जोडलेलं हवं. ‘तो वॉलनटसारखा’ म्हणून सांगितलं, तर सुतार त्याला माहीत असलेला वॉलनट आणणार. चूक त्याची नाही.

आणि बोर्ड ठरला की त्याची छापील प्रत काढून साइटवर भिंतीला चिकटवा. खोलीचं नाव, तारीख, सनमायकाचे नंबर ठळक. मिस्त्रीचे हात सिमेंटने भरलेले असतात, तो तुमची लिंक उघडत बसणार नाही. तारीख यासाठी, की नवा कागद लागला की जुना फाडायचा. दोन तारखांचे दोन कागद भिंतीवर राहिले, तर काम जुन्याप्रमाणेच होणार, हे गृहीत धरा.

घर झाल्यावर बोर्ड पुसू नका. सनमायकाचे नंबर बंद होतात, टाइलच्या खोक्यावरचा शेड आणि बॅच नंबर पुन्हा मिळत नाही. चार वर्षांनी गिझर बदलताना प्लंबर एक टाइल फोडणार. तेव्हा त्या नंबराचा आणि तुम्ही जपून ठेवलेल्या जादा टाइलांचा फोटो बोर्डावर असला पाहिजे, आणि त्या माळ्यावर ठेवल्यात की पलंगाखाली, हेही खाली लिहिलेलं असलं पाहिजे.