शेक घेतला, पुढे काय?

नमस्कार मैत्रिणींनो. पत्रिकेवर विषय छापलाय "ओटीपोटाचं जुनं दुखणं आणि शेक". मला खरं म्हणजे शेक संपल्यानंतर काय करायचं तेच सांगायचंय, शेवटी त्यावर येतेच. शेक कसा घ्यायचा हे तुम्हाला मी काय शिकवणार, बाळंतिणीच्या खाटेखालची शेगडी आणि ओव्याची धुरी आपल्या सगळ्यांच्या घरात झालेली आहे, माझ्या आईचा तर सगळ्या दुखण्यांवर एकच इलाज, "पिशवी आणू का गं गरम पाण्याची?" आणि बरंही वाटायचं.

पण आधी मशीनबद्दल बोलते, कारण ते माझ्या मनात फार दिवस आहे. फिजिओथेरपीत शॉर्टवेव्ह डायथर्मी म्हणून एक मशीन असतं, 27.12 मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चालतं. पिशवीची ऊब कातडीच्या आसपासच राहते, ही खोलवर जाते, म्हणून ओटीपोटातल्या जुन्या सुजेसाठी ते वर्षानुवर्षं वापरलं गेलं. मी पूर्वी एका ठिकाणी काम करायचे तिथे मोठा हॉल, एका बाजूला गुडघ्यांचे पेशंट, दुसऱ्या बाजूला मानेचं ट्रॅक्शन, आणि मध्ये एक पातळ पडदा ओढून आमच्या बाईला झोपवायचं. पडद्याखालून बाहेरच्या पुरुषांच्या चपला दिसायच्या. तिथे ती काय स्नायू सैल सोडणार, सांगा! तर अशीच एक ताई आली, चाळिशीची असेल, चिठ्ठीवर डायथर्मी लिहिलेली. तिला विचारलं गेलं, अंगात धातू आहे का? तिने बांगड्या काढल्या, मंगळसूत्र काढलं, जोडवीसुद्धा साबण लावून काढली, सगळं रुमालात बांधून उशाशी ठेवलं आणि म्हणाली, नाही, काही नाही. प्लेट्स लावून झाल्या, वायरी अंगाला लागत नाहीत ना ते बघितलं, घाम साठू नये म्हणून टॉवेल ठेवला. मशीन सुरू करायचं तेवढ्यात मी सहज विचारलं, मुलं किती? म्हणाली दोन, आणि मग तांबी बसवली ना.

तांबी! म्हणजे थेट गर्भाशयातच धातू, आणि तांबी असताना ओटीपोटावर ही डायथर्मी लावायची नाही असा नियम आहे. मशीन बंदच ठेवलं. त्या ताईचं यात काहीच चुकलं नव्हतं, बाईला तांबी आहे का असं तोंडाने विचारायला हवं, पाळी चुकलीय का, पोटात बाळ असू शकतं का, पेसमेकर आहे का, सगळं विचारायला हवं. अजूनही कितीतरी ठिकाणी विचारत नाहीत, याचा मला राग येतो आणि येणारच. तुमच्यात कुणाला तांबी असेल तर कुठेही मशीनवर झोपण्याआधी स्वतःहून सांगा, लाजू नका.

दहाच मिनिटं उरलीत म्हणतायत, बरं, पटापट सांगते.

सहा महिन्यांच्या वर ओटीपोट दुखतंय तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, एंडोमेट्रिओसिस आहे, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर बाहेर वाढतंय, जुनं इन्फेक्शन आहे, मूत्राशयाचं काही आहे, ते कळू दे. ताप, अचानक वाढलेली कळ, नको तेव्हा रक्त जाणं, यात शेकत बसू नका. दुसरं, खूप दिवस दुखलं की बाई नकळत खालचे स्नायू आवळून धरते, मग तेच स्नायू दुखायला लागतात, बसताना, शौचाला, नवऱ्याजवळ जाताना. ऊब तिथे कामाची आहे. 2001 साली एक अभ्यास छापून आला होता, पाळीच्या दुखण्यावर सुमारे 39 अंशांची सततची ऊब आयबुप्रोफेन या दुखण्याच्या गोळीइतकी चालली. म्हणजे भाजेल इतकं गरम लागतच नाही! पण कित्येक जणी रोज उकळत्या पाण्याची पिशवी लावतात, पोटावर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात, ते कातडीला रोज रोज जास्त उष्णता लागत असल्याचे आहेत. पिशवी अर्धी-पाऊण भरा, हवा काढा, टॉवेलात गुंडाळा, पंधरा-वीस मिनिटं बास, आणि पिशवी पोटावर ठेवून झोपून जाऊ नका.

आणि आता मुख्य. शेक झाल्यावर उठून लगेच भांड्यांना लागू नका. स्नायू त्या वेळी ऐकतात. गुडघे उशांवर टेकवून उताणं पडा, एक हात पोटावर, श्वास घेताना पोट वर येऊ दे आणि खालचा भाग लघवीला बसताना सुटतो तसा सुटू दे, जोर अजिबात नाही. मग बालासन, म्हणजे टाचांवर बसून पुढे वाकायचं आणि कपाळ जमिनीला टेकवायचं, मग तळवे जुळवून गुडघे बाजूला. आणि यूट्यूबवर बघून केगल, म्हणजे खालचे स्नायू आवळायचे व्यायाम, करत असाल तर आधी फिजिओला विचारा, आधीच आवळलेला स्नायू आणखी आवळला तर दुखणं वाढतं.

अंतर्गत तपासणीबद्दल आणि नवऱ्याशी कसं बोलायचं याबद्दल राहिलंच, पण वेळ संपली. मी इथेच बसलेय, ज्यांना एकट्याने विचारायचंय त्यांनी बाजूच्या खोलीत या, तिथे दार लागतं.