वास पोटातून येत नाही

[दृश्य: सकाळची वेळ. औषधाच्या दुकानाचा काउंटर.]

तोंडाला वास येतो, असं सरळ सांगणारं गिऱ्हाईक औषधाच्या दुकानात फारसं सापडत नाही. ते विचारतं, पोट साफ व्हायला काही आहे का? नाहीतर ॲसिडिटीची गोळी मागतं. जाताजाता पुदिन्याच्या गोळ्यांची डबी आणि माउथवॉशची बाटली उचलतं. पैसे देतं आणि भलत्याच अवयवाचं औषध घेऊन घरी जातं.

महिनोन्‌महिने टिकणारी तोंडाची दुर्गंधी घेऊन जे लोक डॉक्टरकडे पोचतात, त्यातल्या दहापैकी आठ-नऊ जणांचा वास तोंडातच तयार झालेला असतो. जठरात नाही, आतड्यांत नाही. घशापासून जठरापर्यंत जाणारी अन्ननलिका एरवी मिटलेली असते. घास उतरताना आणि ढेकर येताना ती उघडते. ढेकरेला वास असेल, पण तो ढेकरेपुरता. दिवसभर बोलताना समोरच्याला जाणवणारा वास जठरातून सतत वर येत राहील, अशी शरीराची रचना नाही. तरीही ‘पोट साफ नाही म्हणून तोंडाला वास’ हे वाक्य आपल्या घरांत इतकं मुरलंय, की माणसं वर्षानुवर्षं रात्री चूर्ण घेतात आणि हिरड्यांतून येणाऱ्या रक्ताकडे बघतही नाहीत.

लसणाची गोष्ट तेवढी वेगळी. कच्चा लसूण खाल्ला की त्यातलं गंधकाचं एक संयुग आतड्यातून रक्तात जातं, रक्तातून फुप्फुसात, आणि मग प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतं. म्हणून कितीही ब्रश केला तरी तो वास हटत नाही. पण एक-दोन दिवसांत तो आपोआप जातो. ठेचा खाल्ल्याचा वास हा आजार नव्हे.

[दृश्य: आरशात बाहेर काढलेली जीभ. मागच्या भागावरचा पिवळसर थर.]

आजार बघायचा तर आधी इथं बघा. जिभेचं टोक नाही, मागचा भाग. जीभ वरून गुळगुळीत वाटते, पण तिची रचना जाड टर्किश टॉवेलसारखी आहे. बारीक उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खाचा. या खाचांत अन्नाचे कण, गळून पडलेल्या पेशी आणि नाकातून मागे उतरलेला शेंबूड साचतो. तिथं हवा पोचत नाही, आणि हवा नसेल तिथंच वाढणारे जिवाणू या प्रथिनांवर जगतात. प्रथिनं फोडताना ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात. नासलेल्या अंड्याला जो वास असतो, तो याच वायूचा. त्याच्या जोडीला मिथाईल मरकॅप्टन, जो त्याहून उग्र. दोन्ही गंधकाचे वायू.

कॅनडात, व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात, जोसेफ टॉनझेटिच यांनी १९७०च्या दशकात तोंडातली हवा गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्रातून तपासली आणि हे गंधकाचे वायू मोजून दाखवले. तोपर्यंत हा विषय बराचसा अंदाजाचा होता. पुढे क्लिनिकमध्ये वापरता येतील अशी छोटी यंत्रंही आली.

मात्र जिभेच्या मुळाशी बोट त्याच्या किती तरी आधी ठेवलं गेलं होतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पाचव्या अध्यायात सांगितलंय, की जिभेच्या मुळाशी साठलेल्या मळामुळे दुर्गंधी येते, म्हणून जीभ खरवडावी. त्यासाठीची पट्टी सोनं, चांदी, तांबं, कथील किंवा पितळ यांची, धार नसलेली आणि वाकडी असावी, हेही तिथंच आहे. याचा अर्थ जुन्यांना जिवाणू ठाऊक होते असा काढायचं कारण नाही. त्यांनी नीट बघितलं होतं, एवढं पुरे. गंमत अशी, की आपल्याकडे तांब्याची पट्टी घरोघरी असते, पण ती फिरते जिभेच्या पुढच्या अर्ध्या भागावर. मागे नेली की उमासा येतो, म्हणून हात तिथंच थांबतो आणि थर जिथं असतो तिथंच राहतो.

ती नेमकी कशी वापरायची? जीभ बाहेर काढून टोक रुमालानं धरायचं, श्वास सोडत पट्टी जमेल तेवढी मागे ठेवायची आणि हलक्या हातानं पुढे ओढायची. तीन-चार वेळा, दरवेळी पट्टी धुऊन. रक्त काढायचं नाही. उमासा काही दिवसांत कमी होतो.

[दृश्य: दंत महाविद्यालयाची ओपीडी. खुर्चीवर रुग्ण, डॉक्टरच्या हातात बारीक खुणा असलेली सळई.]

जीभ साफ ठेवूनही वास राहिला, तर पुढचा संशय हिरड्यांवर. आणि इथं जरा थांबायला हवं, कारण खरी गडबड इथं आहे.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक फट असते. निरोगी माणसात ती एक ते तीन मिलिमीटर खोल. दातावरचा चिकट थर रोज निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे तो दगडासारखा कडक होतो. त्यालाच कीटण म्हणतात. कीटणामुळे हिरडी सुजते, फट खोल होत जाते, चार मिलिमीटर, पाच, सहा. या खिशात ब्रश पोचत नाही. हवा पोचत नाही. अन्न मात्र मिळतं, कारण सुजलेल्या हिरडीतून रक्त आणि पू झिरपत राहतो. जुनी माणसं याला पायोरिया म्हणतात. दुखत नाही, म्हणून कोणी जात नाही. ब्रशला लाल रंग दिसला की ब्रश कडक आहे असं म्हणून माणूस मऊ ब्रश आणतो, किंवा त्या जागी घासायचंच सोडतो. मग तिथं आणखी कीटण.

यावर उपाय म्हणजे स्केलिंग. यंत्रानं हिरडीच्या वरचं कीटण काढायचं, आणि खिसे खोल असतील तर हिरडीखाली जाऊन दाताचं मूळही साफ करायचं. पण ‘दात साफ करून घेतले की ते ढिले होतात’ ही भीती गावात, शहरात, शिकलेल्यांत, सगळीकडे आहे. ही भीती हवेतून आलेली नाही. वर्षानुवर्षं साचलेलं कीटण काढलं की दातांमध्ये फटी दिसू लागतात, थंड पाणी झिणझिणतं आणि एखादा दात हललेलाही जाणवतो. पण त्या दाताखालचं हाड आधीच गेलेलं असतं. कीटणानं तो नुसता धरून ठेवला होता, शेजारच्या दाताला चिकटवून. डॉक्टरांनी हे आधी समजावून सांगितलं, तर निम्मी भीती जाईल. बऱ्याच ठिकाणी सांगत नाहीत.

[दृश्य: तव्यावर भाजली जाणारी तंबाखूची पानं. धूर.]

महाराष्ट्रात या प्रश्नाला एक खास काळी किनार आहे. मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, पूड करायची आणि बोटानं दातांना, हिरड्यांना लावायची. गावाकडच्या कितीतरी बायकांचा दिवस तिच्याशिवाय सुरू होत नाही. अनेकींनी ती घेतली ती दात घासायचं मंजन म्हणूनच. कुणाची दाढ दुखत होती, कुणाला आईनं दिली. निकोटिननं दुखणं दबतं, बरं वाटतं, आणि मग दिवसातून चार-चारदा डबी निघते. ‘तोंडाचा वास जातो’ असंही सांगितलं जातं. प्रत्यक्षात हिरडी दातावरून सरकते, मुळं उघडी पडतात आणि तिथं नवा थर बसायला जागा होते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर आहेच. तिला ‘बाई, हे व्यसन आहे’ असं पहिल्याच भेटीत सुनावून काही साधत नाही. दाढ दुखते म्हणून लावत असेल, तर आधी दाढेवर इलाज व्हायला हवा.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पानटपरीवर सुपारी आणि तंबाखू वेगवेगळी मिळते, आणि एकत्र करायला हात लागतात दोन. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा कडक होत जाते, तोंड उघडणं कमी होत जातं. दोन बोटंही मावत नाहीत अशा तोंडात मागच्या दाढांपर्यंत ब्रश जाणार कसा? अशा माणसाला ‘नीट ब्रश करा’ म्हणणं ही थट्टा आहे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणखी एक फसवणूक होते. त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं. आजार आत वाढत असतो आणि धोक्याची खूणच झाकली जाते.

[दृश्य: माउथवॉशच्या रंगीत बाटल्यांची रांग.]

आता या बाटल्या. लिस्टरिन १८७९ साली अमेरिकेत सेंट लुईसमध्ये तयार झालं, ते शस्त्रक्रियेत वापरायचं जंतुनाशक म्हणून. १९२०च्या दशकात त्याच्या मालकांनी तोंडाच्या वासाची धास्ती घालणाऱ्या जाहिराती केल्या. लग्न जमत नाही, मित्र टाळतात, आणि कारण कोणी तोंडावर सांगत नाही, अशा धाटणीच्या. जाहिरात आजही त्याच वाटेनं चालते. लिफ्ट, मुलाखत, पहिली भेट.

माउथवॉश निरुपयोगी असतं असं नाही. जस्ताची संयुगं असलेलं द्रावण गंधकाचे वायू बांधून ठेवतं. क्लोरहेक्सिडीन जिवाणूंवर चांगलं चालतं, पण आठवड्यांमागून आठवडे वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जेवणाची चव बिघडते. म्हणून ते डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस घ्यायचं. पेस्टनं दात घासल्यावर लगेच घेतलं तर त्याचा असर कमी होतो, मध्ये अर्धा तास जाऊ द्यावा. पण कीटण न काढता नुसतं माउथवॉश म्हणजे वास तासाभरापुरता लपवणं.

लाळ हे फुकटचं माउथवॉश आहे. दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर तयार होतं. झोपेत ते जवळजवळ थांबतं, म्हणून सकाळी सगळ्यांच्याच तोंडाला वास येतो. त्याची काळजी नको. काळजी करायची ती दिवसाही तोंड कोरडं पडत असेल तर. तोंडानं श्वास घेणारे, पाणी कमी पिणारे, कडक उपास करणारे. आणि गोळ्या घेणारे. सर्दी-ॲलर्जीच्या, नैराश्याच्या, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लाळ आटते. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. घरात आजी-आजोबांची कवळी असेल तर ती रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवलेली बरी.

[दृश्य: विजेरीच्या उजेडात घसा.]

टॉन्सिलच्या खळग्यांत कधीकधी पांढरट, तांदळाच्या कणीएवढे खडे तयार होतात. खोकल्यातून बाहेर पडले तर घाणेरडा वास मारतात. बहुतेक वेळा मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या पुरतात. सायनस जुना असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास आणि स्राव येत असेल तर नाकात मणी, शेंगदाणा, स्पंजचा तुकडा अडकलेला असू शकतो. घरी चिमट्यानं काढायला जाऊ नका.

कधी वास शरीरातल्या मोठ्या बिघाडाची वर्दी देतो. मधुमेह फार चढला की श्वासाला पिकल्या फळासारखा, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. मूत्रपिंडं निकामी होत असली की अमोनियासारखा. असे रुग्ण थोडे, पण मधुमेही माणसाच्या श्वासाला फळाचा वास, सोबत उलट्या आणि धाप असेल, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

मूळ कुठं आहे, याचा एक साधा पडताळा डॉक्टर करतात, तो घरीही करता येतो. फक्त सोबत विश्वासाचं माणूस हवं, कारण आपल्या नाकाला आपलाच वास रोजचा झालेला असतो. ओंजळीत फुंकर मारून काही कळत नाही. आधी नाक धरून तोंडानं श्वास सोडायचा, मग ओठ मिटून नाकानं. वास फक्त तोंडातून येत असेल तर दाताचा डॉक्टर. फक्त नाकातून येत असेल तर नाकाचा. दोन्हीकडून सारखाच येत असेल तर फिजिशियन.

[दृश्य: रिकामी खुर्ची. बाजूला बसलेले रुग्ण आणि नातेवाईक.]

आणि काही माणसं अशी येतात, की त्यांच्या तोंडाला वास नसतोच. डॉक्टर हुंगतात, यंत्र लावतात, घरच्यांना विचारतात, काही नाही. पण या माणसाला खात्री असते. बसमध्ये शेजाऱ्यानं नाकाला हात लावला, कोणी खिडकी उघडली, की तो स्वतःचाच दोष समजतो. दिवसातून सहा-सात वेळा दात घासतो, तोंडासमोर हात धरून बोलतो, नोकरी सोडतो. १९७१ साली प्राइस-फिलिप्स या डॉक्टरांनी या अवस्थेचं वर्णन केलं. जपानमधल्या दंतवैद्यांनी तर तपासणीचे वर्गच तसे पाडले: खरा वास असलेले, वास नसताना शंका घेणारे पण समजावल्यावर पटणारे, आणि कशानंच न पटणारे. या शेवटच्यांना आणखी एक स्केलिंग करून पाठवणं सोपं असतं. पण त्यांना मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते, आणि तसं सांगायला डॉक्टरला वेळ काढावा लागतो.

तपासणीला जायचं ठरवलंत तर तयारी उलटी करायची आहे. दोन दिवस आधीपासून कांदा-लसूण नको. त्या दिवशी अत्तर नको, माउथवॉश नको, विडी-तंबाखू नको, आणि सकाळचा ब्रशही नको, हे ऐकून पुष्कळांना लाज वाटते. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, शुगरचा रिपोर्ट असेल तर तोही. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथं सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. केसपेपर काढताना हिरड्यांचा विभाग, म्हणजे पेरिओडॉन्टिक्स, कुठं आहे ते विचारा. दाढ काढायच्या रांगेत उभे राहू नका.