ब्रेडी, मोंटाना की युनायटस?

हे फुटेज बघा. 28 डिसेंबर 1958, न्यूयॉर्कचं यँकी स्टेडियम, एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगची फायनल. मॅच संपायला दोन मिनिटंसुद्धा नाहीत, बाल्टिमोर कोल्ट्स तीन पॉइंटने मागे, बॉल आपल्याच 14 यार्डवर, म्हणजे जवळजवळ अख्खं मैदान पार करायचंय. आणि तो 19 नंबरचा, बारीक कापलेल्या केसांचा, घोट्यापर्यंत काळे बूट घातलेला माणूस दिसतोय ना, तो क्वार्टरबॅक जॉनी युनायटस.

क्वार्टरबॅक म्हणजे काय, तर अमेरिकन फुटबॉलमध्ये अटॅकची जवळपास प्रत्येक चाल ज्याच्या हातातून सुरू होते तो. दोन-तीन सेकंदात ठरवायचं, बॉल कुणाला, आणि तेवढ्यात सव्वाशे किलोची माणसं अंगावर धावून येत असतात.

आता सगळ्यात भारी क्वार्टरबॅक कोण हे विचारलं की बहुतेक जण डोळे मिटून टॉम ब्रेडी म्हणतात, आणि खरंच त्यात चूक काय. 2000 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, 199 वा निवडलेला पोरगा, सात सुपर बोल, म्हणजे आताच्या फायनल, जिंकला, सहा न्यू इंग्लंडसाठी आणि सातवी टॅम्पा बेसाठी, 43 व्या वर्षी, समोर पॅट्रिक महोम्ससारखा क्वार्टरबॅक असताना 31-9 ने. 2017 मध्ये अटलांटाविरुद्ध 28-3 ने मागे पडून जिंकलेली मॅच मी आजही मधूनच लावून बघतो. टीम बदलली तरी जिंकला, म्हणजे हे सगळं फक्त कोचमुळे झालं असं म्हणायची सोय राहत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोवाले त्यांच्या जो मोंटानाचं नाव घेतात. चार सुपर बोल खेळला, चारही जिंकला, त्यात 11 टचडाउन पास, म्हणजे बॉल थेट समोरच्यांच्या रेषेपलीकडे पोचवणारे, आणि इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी पकडलेला पास, एकही नाही. 1989 ला सिनसिनाटीविरुद्ध चालीमागून चाल करत 92 यार्डची ती ड्राइव्ह, 34 सेकंद उरले असताना टचडाउन, अंगावर काटा येतो अजून.

पण अंगठ्या (फायनल जिंकणाऱ्यांना मिळतात त्या) मोजायच्या तर मग डॅन मरिनोचं काय करायचं? 1984 मध्ये त्याने 48 टचडाउन पास फेकले, तोवरचा रेकॉर्ड 36 होता, आणि तरी अंगठी एकही नाही. आणि क्लीव्हलँडचा ऑटो ग्रॅहम, 10 सीझन खेळला, दहाही वेळा फायनलला पोचला, सात जिंकल्या, पण तेव्हा सुपर बोल सुरूच झाला नव्हता म्हणून हिशोबात त्याचं नावच येत नाही. हे मला पटत नाही.

आकडे लावायला जावं तर खेळच बदललेला. 1978 मध्ये नियम आला की पाच यार्डांनंतर रिसीव्हरला, म्हणजे पास पकडायला धावणाऱ्याला, धक्काबुक्की करायची नाही, आणि क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या लाइनमनना हात पसरून अडवायची मुभा मिळाली. 1994 पासून तर कोच थेट हेल्मेटमधल्या स्पीकरवर चाल सांगतो. त्यामुळे ब्रेडीचे 64 टक्के पास पूर्ण आणि युनायटसचे 55, हे शेजारी ठेवून काहीच कळत नाही. प्रत्येक जण आपापल्या काळातल्या बाकीच्यांपेक्षा किती पुढे होता, हे बघायला हवं.

आणि तिथे मी युनायटसवर थांबतो. 1955 मध्ये पिट्सबर्गने एकही मॅच न खेळवता काढून टाकलं, मग बांधकामावर काम आणि मॅचला सहा डॉलर घेऊन लोकल टीमकडून खेळणं, आणि पुढच्याच वर्षी बाल्टिमोरकडून सुरुवात. 1956 ते 1960 सलग 47 मॅचमध्ये निदान एक टचडाउन पास, सीझन 12 मॅचचा असताना, आणि हा रेकॉर्ड 2012 पर्यंत टिकला! रिसीव्हरला ढकलत, पाडत खेळायचा तो काळ, हेल्मेटमध्ये कुणाचा आवाज नाही, चाली स्वतःच ठरवायच्या. म्हातारपणी बॉल फेकणाऱ्या त्याच उजव्या हाताची बोटं नीट मिटत नव्हती. शेवटच्या दोन मिनिटात घड्याळाशी झुंजत मैदान कापत जाणं, जे मोंटाना आणि ब्रेडीने पुढे इतकं सुंदर केलं, ते लोकांनी टीव्हीवर त्याआधी याच्याकडून बघितलं होतं.

तर परत त्या संध्याकाळकडे. रिसीव्हर रेमंड बेरीला लागोपाठ तीन पास, मिळून 62 यार्ड. सात सेकंद राहिले असताना फील्ड गोल, म्हणजे तीन पॉइंटची किक, 17-17. ओव्हरटाइम. आता 80 यार्ड जायचंय, 13 चाली. आठ यार्डवर आल्यावर फील्ड गोल मारला तरी जिंकतील, पण युनायटस मैदानाच्या कडेला पास टाकतो आणि टीममधला मचेलर तो एक यार्डवर पकडतो. पुढची चाल, बॉल त्यांच्याच एमिचीच्या हातात, समोर मोकळी वाट, 23-17. लोक मैदानात घुसतायत, आणि युनायटस वळून शांतपणे बाहेर चालायला लागलाय.