तोफा गेल्या, भाडेकरू आले

संयोजकांनी पत्रिकेवर 'सॅन फ्रान्सिस्कोचं नयनरम्य उद्यान' असं छापलंय. नयनरम्य आहेच, फोटो तुम्हाला मोबाइलवर हवे तेवढे मिळतील. मी आज भाड्याबद्दल बोलणार आहे. घरभाड्याबद्दल.

जागेचं नाव प्रेसिडिओ. शब्द स्पॅनिश, अर्थ लष्करी ठाणं. १७७६च्या सप्टेंबरात स्पेनच्या सैनिकांनी ते मांडलं. इकडे सवाई माधवराव तेव्हा दोन वर्षांचे होते. जागा मोक्याची का, हे तिथे उभं राहिलं की न सांगता कळतं. पॅसिफिकचं पाणी एका चिंचोळ्या तोंडातून आतल्या उपसागरात शिरतं, त्या तोंडाचं नाव गोल्डन गेट, आणि हे ठाणं त्याच्या दक्षिण काठावर. पूल बराच नंतरचा, १९३७चा. भूमी ओलोनी लोकांची; त्यांना कुणी विचारलं नाही. पुढे स्पेन गेला, मेक्सिको आला, १८४६ साली अमेरिकेने ताबा घेतला आणि १९९४ पर्यंत तिथे अमेरिकी सैन्याची छावणी होती. जवळजवळ १५०० एकर.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी म्हटलं, वा, काय जुनं जंगल राखलंय! माझ्यासोबतच्या बाई हसल्या. म्हणाल्या, खोडांकडे एका रेषेत बघ. बघितलं, तर झाडं ओळीने उभी. दक्ष! १८८०च्या दशकात एका मेजरने आराखडा केला आणि वाळूच्या उघड्या टेकड्यांवर निलगिरी, पाइन, सायप्रस लावून घेतले. छावणी शहरातून भारदस्त दिसावी हा एक हेतू, वारा अडावा हा दुसरा. म्हणजे ज्याला आपण निसर्ग म्हणून फोटो काढतो, तीही एक पलटणच आहे.

आता मुद्द्याकडे येते. १९७२ साली गोल्डन गेटच्या परिसरात राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्र करण्याचा कायदा झाला. तो रेटणारे खासदार फिलिप बर्टन. त्यांनी कायद्यात एक कलम घालून ठेवलं: सैन्याला ही जागा नकोशी झाली, तर ती राष्ट्रीय उद्यानाकडे जाईल. तेव्हा सैन्याला जायचं नव्हतं, कुणी जा म्हटलं नव्हतं. कागदावरची एक ओळ, बस. सतरा वर्षांनी, १९८९ मध्ये, तळ बंद करायचं ठरलं तेव्हा शहरातल्या सगळ्यांत महागड्या वस्तीला लागून असलेल्या या जमिनीकडे बिल्डरांनी नुसतं बघायचं, असं त्या ओळीने करून ठेवलं होतं. १ ऑक्टोबर १९९४ला सैन्याने जागा सोडली. बर्टन १९८३ सालीच गेले होते. प्रेसिडिओतच लष्करी स्मशानभूमी आहे, तिथे त्यांना पुरलंय. स्वतःच्या कलमाचा निकाल बघायला माणूस अगदी जागेवर हजर!

पण जागा मिळाली म्हणजे संपलं का? वाडा वारसाहक्काने मिळालेल्या माणसाला विचारा. इथे तर सुमारे ८०० इमारती, त्यांतल्या निम्म्याहून अधिक ऐतिहासिक. बराकी, अधिकाऱ्यांचे बंगले, तबेले, दवाखाना, विमानांचे हँगर. कौलं गळतायत, गटारं तुंबलेली, जमिनीत रसायनं मुरलेली. एवढा खर्च दरवर्षी कोण देणार, असं वॉशिंग्टनमध्ये कुरकुर करणारे बरेच होते. त्यातून १९९६ साली तडजोड निघाली. किनारपट्टी राष्ट्रीय उद्यान खात्याकडे राहिली; आतला सुमारे ८० टक्के भाग प्रेसिडिओ ट्रस्ट या नव्या सरकारी संस्थेकडे गेला. आणि अट अशी, की २०१३ पर्यंत सरकारी अनुदानाशिवाय स्वतःच्या पायावर उभं राहायचं. नाही जमलं, तर जमीन विकायला काढायची.

गळ्याला सुरी लावली की माणूस हिशेब शिकतो. ट्रस्टने घरं भाड्याने द्यायला सुरुवात केली. अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत कुटुंबं राहायला आली; आज सुमारे ३ हजार लोक तिथे राहतात, हे राष्ट्रीय उद्यानाच्या नेहमीच्या कल्पनेत बसत नाही. लाल विटांच्या एका बराकीत २००९ साली वॉल्ट डिस्नेचं कौटुंबिक संग्रहालय उघडलं. अविवाहित अधिकाऱ्यांच्या वसतिगृहाचं हॉटेल झालं. लेटरमन लष्करी रुग्णालयाची मोठी काँक्रीटची इमारत पाडली आणि तिथे २००५ साली 'स्टार वॉर्स' सिनेमांचे जनक जॉर्ज लुकास यांचा स्टुडिओ आला. दारात त्या सिनेमांतल्या योडाचा पुतळा असलेलं कारंजं आहे, आणि दोनशे वर्षांचा इतिहास ओलांडून पोरं आधी तिथे धावतात. माझीही धावली. अट मुदतीत पुरी झाली. रस्त्यावरचे दिवे, झाडांची छाटणी, छपरांची डागडुजी, सगळं भाड्यातून.

यात एक खोच आहे, ती लपवत नाही. भाडं बाजारभावाने. म्हणजे सार्वजनिक उद्यानात राहायचं कुणी, तर ज्याला परवडेल त्याने. मला हे खटकतं. पण रिकाम्या घराचं काय होतं ते मी पाहिलंय. माझं आजोळ मंगळवेढ्याकडचं. पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या दोन हात जाड भिंती, वर माळवद. मामा पुण्याला आले, कुलूप लागलं, चौथ्या पावसाळ्यात मागची भिंत बसली. प्रेसिडिओच्या जुन्या ऑफिसर्स क्लबमध्ये एक दालन आहे. तिथला गिलावा काढून स्पॅनिश–मेक्सिकन काळातल्या कच्च्या विटांच्या भिंती उघड्या करून ठेवल्यात. मातीत कालवलेल्या गवताच्या काड्या दिसतात. मी कॅलिफोर्नियात उभी होते आणि नाकात आजोळच्या सोप्याचा वास. ती भिंत टिकली, कारण वर कुणी ना कुणी गिलावा करत राहिलं आणि आत कायम वर्दळ होती.

भाडेकरू म्हटला की तो माजतोही, आणि इथले भाडेकरू साधे नव्हते. एका मोठ्या कपडे कंपनीचे संस्थापक डोनाल्ड फिशर यांना आपल्या चित्रसंग्रहासाठी छावणीच्या ऐन मध्यभागी संग्रहालय बांधायचं होतं. लोकांनी कडाडून विरोध केला, २००९ मध्ये प्रस्ताव मागे गेला. लुकास यांनाही समुद्राकाठी संग्रहालय हवं होतं, त्यांना २०१४ साली नकार मिळाला. अब्जाधीशाला नाही म्हणणारी सरकारी संस्था मी तरी फार पाहिलेली नाही. जिथे फिशर यांना संग्रहालय हवं होतं, त्याच भागातल्या परेड मैदानावर तेव्हा डांबर होतं, गाड्या लागायच्या. ते उखडून २०११ मध्ये हिरवळ केली.

समुद्राकाठच्या क्रिसी फील्डची कथा मोठी आहे. मूळची खाजण जमीन, भराव घालून तिची धावपट्टी केलेली. भराव काढून १९९९ साली भरतीचं पाणी परत आत घेतलं, स्वयंसेवकांनी सुमारे १ लाख रोपं लावली. आणि छावणीला समुद्रापासून तोडणारा उंच रस्ता होता, तो बोगद्यात घातला. बोगद्यांच्या डोक्यावर २०२२ पासून १४ एकरांची बाग आहे. त्या रस्त्याखाली सैनिकांच्या कुत्र्यामांजरांची चिमुकली दफनभूमी होती. एवढं अगडबंब काम चालू असताना तिला कुंपण घालून जपलं.

पण क्रिसी फील्डवर मी पाहुण्यांना नेते ते एका हँगरकडे, इमारत क्रमांक ६४०. १९४१च्या नोव्हेंबरात सैन्याने इथे गुपचूप जपानी भाषेची शाळा काढली. ६० विद्यार्थी, त्यांतले ५८ अमेरिकेत जन्मलेले जपानी वंशाचे. महिन्याभरात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. मग याच प्रेसिडिओतल्या मुख्यालयातून जनरल डिविट यांनी एकामागून एक १०८ हुकूम काढले आणि किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडून नजरकैदेच्या छावण्यांत जायला लावलं. सगळे मिळून सुमारे १ लाख २० हजार माणसं. हँगरमध्ये मुलगा अमेरिकेसाठी शत्रूची भाषा घोकतोय, आणि त्याच्या आईबापांची गठुडी बांधायचा हुकूम त्याच आवारात टंकलिखित होतोय. पुढे शाळाही हलवावी लागली, कारण जपानी चेहऱ्याला किनाऱ्यावर मनाई! आज त्या हँगरमध्ये या शाळेचं स्मारक-केंद्र आहे. बाहेर लोक पतंग उडवत असतात.

तुमच्या मनातला प्रश्न मला माहीत आहे: आपल्याकडे? महाराष्ट्रात सात कॅन्टोन्मेंट आहेत. पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, नगर, औरंगाबाद, कामठी. आपलं पुण्याचं एम्प्रेस गार्डन हे मुळात सोल्जर्स गार्डन, हे इथल्या जुन्या लोकांना ठाऊक असेल. नागरी वस्ती महापालिकांना जोडायची बोलणी काही वर्षं चालू आहेत. त्या बातम्यांत मला पाणीपट्टी, चटईक्षेत्र, रस्तारुंदी दिसते. कॅम्पातले बंगले आणि जुनी झाडं कुणाची, ही ओळ कुठल्या कागदावर आहे का, ते मी शोधत असते.

एक शेवटचं सांगते. मी आठवड्यातून एकदा प्रेसिडिओच्या रोपवाटिकेत जाते. बिया निवडणं, कुंड्या धुणं असली कामं. तिथे रेव्हन्स मँझनिटा नावाचं जमिनीलगत पसरणारं झुडूप आहे. निसर्गात आपोआप उगवलेलं त्याचं एकच झाड जगात उरलंय, आणि ते प्रेसिडिओत. शहर वाढलं तेव्हा बाकीच्या टेकड्यांवर घरं झाली; इथे बांधायला सैन्याने कुणाला येऊ दिलं नाही, म्हणून ते वाचलं. त्याच्या फांद्यांपासून रोपं केली आहेत. मूळ झाड कुठे आहे ते मात्र गुप्त. सहा वर्षं जाते, मला अजून सांगितलेलं नाही. विचारलं की हसतात आणि धुवायला आणखी कुंड्या देतात.