गच्चीवरच्या पत्र्याला रेड ऑक्साइड? जरा थांबा!

नमस्कार मंडळी. हा तुकडा बघा, कॅमेऱ्याजवळ धरतो. आमच्या धनकवडीच्या गच्चीवरच्या शेडचा रंग आहे हा. नखाने उचलला तर पापडासारखा अख्खा निघाला. वरून हिरवा, मागून लाल. आणि खालचा पत्रा? चकचकीत! गंजाचा ठिपकासुद्धा नाही. म्हणजे पत्र्याचा काही दोष नाही, माती खाल्ली ती मीच, प्रायमर निवडताना.

'लोखंड म्हटलं की रेड ऑक्साइड' हे आपल्या डोक्यात फिट्ट बसलंय. ग्रिलला, गेटला लावा खुशाल. पण जीआय, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर जस्ताचा थर असतो, म्हणजे तुमचा रंग लोखंडाला लागतच नाही, जस्ताला लागतो. साधा रेड ऑक्साइड अल्किड नावाच्या रेझिनचा, त्यात तेलाचा अंश. ओलावा मुरला की जस्तावर अल्कधर्मी क्षार तयार होतात. आता तेल आणि अल्कली एकत्र आले की काय होतं? साबण! चक्क साबण, रंग आणि पत्र्याच्या मधोमध. मग जूनपासून पुण्यातला पाऊस, आणि पुढच्या उन्हाळ्यात हे पापड.

मग लावायचं काय? नवा जीआय पत्रा असेल तर आधी डिटर्जंटने धुवा, कारण कारखान्यातून त्यावर तेल येतं. वाळला की बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवा. जोर लावू नका, जस्तच निघून जाईल. मग वॉश प्रायमरचा, म्हणजे जस्ताला घट्ट धरणाऱ्या प्रायमरचा, अगदी पातळ हात, किंवा डब्यावर 'जीआयसाठी' असं लिहिलेला टू-पॅक (दोन डब्यांतलं एकत्र कालवायचा) इपॉक्सी झिंक फॉस्फेट प्रायमर. त्यात हार्डनर, म्हणजे तो घट्ट करणारा दुसरा डबा, डब्यावरच्या मापानेच घालायचा, आणि लागेल तेवढंच कालवायचं. काही तासांत घट्ट होतं, मग ब्रशसुद्धा फेकावा लागतो.

इपॉक्सी उघडा ठेवू नका, उन्हाने त्याची पावडर होते. वरून पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचा शेवटचा हात, म्हणजे टॉप कोट हवा. महाग आहे, पण पत्र्यावर पुन्हा चढायला माझे गुडघे तयार नाहीत.

जस्त संपून तांबडा गंज आलाय? तिथे तारेचा ब्रश, घट्ट धातू लागेपर्यंत. तेवढ्या डागापुरता रेड ऑक्साइड चालेल. आणि गॅल्व्हल्यूम नावाच्या पत्र्याच्या थरात 55 टक्के ॲल्युमिनियम असतं, बाकी बहुतेक जस्तच, म्हणून तिथेही साधा रेड ऑक्साइड नको.

वेळ सांभाळा. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्यावर हात टेकवत नाही, रंग पसरायच्या आधीच सुकतो. हिवाळ्यात पहाटेचं दव वाळू द्या.

दुकानात गेलात की नुसतं 'पत्र्याला प्रायमर द्या' म्हणू नका, हमखास रेड ऑक्साइडच हातात पडेल. 'जीआय पत्र्याला' म्हणा आणि डबा स्वतः वाचा. आधी एकाच पत्र्यावर लावा. आठवड्याने ब्लेडने फुली मारून, टेप चिकटवून झटक्यात ओढा. रंग टेपबरोबर आला तर पुढे जाऊच नका.

चला, माझे अजून चौदा पत्रे खरवडायचेत.