मोठ्या सापांवर बंदी नको, त्यांची नोंद हवी

नमस्कार, श्रोतेहो.

एखाद्या बंगल्यात परदेशी अजगर सापडल्याची बातमी आली, की लगेच मागणी होते: मोठे साप पाळायला कायद्यानेच सरसकट बंदी घाला. या मागणीमागची भीती मला कळते. तरीही माझा बंदीला विरोध आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. आपल्या रानातला भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो घरात ठेवणं गुन्हा आहे आणि गुन्हाच राहायला हवा. मी बोलते आहे ती पिंजऱ्यात जन्मलेल्या परदेशी सापांबद्दल. त्यांतही बॉल पायथन साधारण चार-पाच फुटांवर थांबतो, तर हिरव्या ॲनाकोंडाची मादी पंधरा फुटांच्याही पुढे जाते. दोघांना एकच नियम लावण्यात काय अर्थ?

बंदी मागणारे अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याचं उदाहरण देतात, आणि ते द्यायलाच हवं. तिथल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत ब्रह्मदेशी अजगर पसरले, रॅकूनसारखे प्राणी दिसेनासे झाले. २००९ मध्ये एका घरात पाळलेल्या अजगराने दोन वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. हे भयंकर आहे. पण त्या राज्यात परवाना तेव्हाही सक्तीचा होता. त्या मालकाकडे तो नव्हता आणि सापाच्या टाकीवर झाकणाऐवजी रजई होती. म्हणजे नियम होता, अंमल नव्हता. पुढे २०१२ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने या अजगरांची आयात थांबवली, तोवर दलदलीत त्यांच्या कित्येक पिढ्या वाढल्या होत्या. त्याच फ्लोरिडाने आणखी एक गोष्ट केली, ती मला फार मोलाची वाटते. ठरलेल्या दिवशी नकोसा झालेला परदेशी प्राणी आणून द्यायचा, दंड होत नाही.

आपल्याकडचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींचा सापाच्या कातड्यांचा धंदा बंद झाला. साप धरण्याची पिढीजात विद्या हातात, पण पोटाला काही नाही. १९७८ मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. सरकारी परवान्याने नाग, मण्यार, घोणस, फुरसं पकडायचं, विष काढायचं आणि साप पुन्हा रानात सोडायचा. आज सर्पदंशावरच्या लसीसाठी लागणाऱ्या विषाचा मोठा वाटा त्यांच्याकडून येतो. त्याच माणसांना परवाना मिळाला आणि साप वाचले, माणसंही वाचली.

परदेशी प्राण्यांबाबत आपलं सरकार याच वाटेने निघालं आहे. जून २०२० मध्ये केंद्राने सांगितलं, सहा महिन्यांत स्वतःहून जाहीर करा, कागदपत्रं मागणार नाही. मग २०२४ च्या नियमांनी पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी सक्तीची केली. जन्म, मृत्यू, मालक बदलणं, सगळं कळवायचं. हे काम अजून कच्चं आहे. ते पक्कं करायचं सोडून बंदी आणली, तर आज नोंद करणारा मालकही उद्या लपून बसेल. आजारी साप डॉक्टरकडे न्यायलाही तो घाबरेल.

आणि फारच घाबरला तर? तर रात्री पोतं उचलून विश्वामित्री नदीच्या काठावर जाईल. बडोद्यातल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी आपल्या सोसायट्यांत आल्या, वनखात्याने आणि स्वयंसेवकांनी त्या धरल्या. मगर इथलीच आहे, तिच्या सवयी आपल्याला ठाऊक आहेत. पण उबेची, चिखलाची ही नदी ॲनाकोंडालाही मानवेल. कुठल्याच कागदावर नसलेला साप पुरात वाहून गेला, तर शोधायचा कुणी आणि कुठे?

म्हणून माझी मागणी बंदीची नाही. मोठ्या जातींच्या प्रत्येक सापाला चिप हवी, कुलपाची पेटी हवी, वर्षातून एकदा घरी येऊन तपासणी हवी. आणि कमाटीबागेतल्या प्राणिसंग्रहालयासारख्या जागी असा एक दिवस हवा, जेव्हा थकलेला मालक साप सोपवून निर्धास्त घरी जाईल. ऐकणाऱ्यांपैकी कुणाकडे नोंद नसलेला साप असेल, तर उद्याच वनखात्याच्या कचेरीत जा. कृपा करून तो नदीकडे नेऊ नका.